पेन्शन २,६४०, राग लाखाचा

वाचकाचं पत्र, थोडक्यात

सातारा जिल्ह्यातले हे वाचक ६७ वर्षांचे आहेत. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका खासगी कारखान्यात ३१ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी क्वालिटी विभागात. २०१६ मध्ये निवृत्त झाले. ईपीएस-९५ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाला जोडलेल्या पेन्शन योजनेची, पेन्शन महिना २,६४० रुपये. फंड आणि ग्रॅच्युइटीतून मुलीचं लग्न आणि घराचं काम उरकल्यावर हातात राहिले १४ लाख. त्यातले ८ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत पावणेसात टक्क्यांनी, ६ लाख गावच्या पतसंस्थेत अकरा टक्क्यांनी. सगळं मिळून महिन्याला साडेबारा हजारांच्या आसपास येतात आणि चौदा हजार जातात.

पत्राचा मोठा भाग मात्र राजकारण्यांवर आहे. "पाच वर्षं आमदार झालेल्याला ५० हजार पेन्शन आणि ३१ वर्षं घाम गाळणाऱ्याला २,६४०. सगळे चोर. आता मी सरकारला एक पैसा देणार नाही आणि सरकारचा एक पैसा घेणारही नाही." म्हणून त्यांनी दोन वर्षं घरपट्टी भरलेली नाही, एसटीत हट्टाने पूर्ण तिकीट काढतात, आणि पत्नीला लाडकी बहीणचा फॉर्म भरू दिला नाही. बँकेतले ८ लाखही काढून पतसंस्थेत टाकायचा विचार आहे, "निदान माणसं ओळखीची आहेत". आईच्या नावावरच्या सव्वा एकराची वारस नोंद अडली आहे. तहसीलजवळचा झेरॉक्सवाला ८ हजार मागतोय. पुण्यातला मुलगा म्हणतो, देऊन मोकळे व्हा. हे म्हणतात, मेलो तरी देणार नाही. घरात यावरून बोलणं बंद आहे. "माझं चुकतंय का?" असा शेवटचा प्रश्न.

उत्तर

काका, नमस्कार.

आधी तुमचा आकडा. माजी आमदाराच्या पेन्शनबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. २०१६ मध्ये विधिमंडळाने ती ४० हजारांवरून ५० हजारांवर नेली आणि एका टर्मच्या पुढे प्रत्येक जादा वर्षाला २ हजारांची भर आहे. माजी खासदारांची पेन्शनही एप्रिल २०२३ पासून २५ हजारांची ३१ हजार झाली. तुमच्या पेन्शनीला मात्र महागाई भत्ताच नाही. २०१६ साली जो आकडा बँकेत जमा झाला तोच आजही होतो. हे वाचून ज्याला राग येणार नाही त्याच्याशी मला बोलायचंही नाही.

पण या रागात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ बसली आहे, ती सोडवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तुमची पेन्शन कुणी खाल्लेली नाही. ती कायद्यानेच एवढी ठरवलेली आहे. ईपीएसमध्ये कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के जातात, पण पूर्ण पगारावर नाही, ठरवून दिलेल्या मर्यादेवर. २००१ पासून १ सप्टेंबर २०१४ पर्यंत ती मर्यादा होती ६,५०० रुपये. म्हणजे तुमचा पगार वीस हजार असला तरी पेन्शन खात्यात महिन्याला जात होते ५४१ रुपये. नंतर मर्यादा १५ हजार झाली आणि वर्गणी १,२५०, पण तोवर तुमची दोनच वर्षं उरली होती. सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०, असं ते सूत्र. योजना सुरू झाली नोव्हेंबर १९९५ मध्ये, त्यामुळे तुमच्या आधीच्या दहा वर्षांचा हिशेब अगदीच नाममात्र धरला गेला. उद्या महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या माजी आमदारांची पेन्शन बंद केली तरी तुमच्या २,६४०चे २,६४१ होणार नाहीत. त्या दोन तिजोऱ्याच वेगळ्या आहेत.

हे सांगायचं कारण असं की चोरी आणि अन्यायी नियम यांवरचे इलाज वेगळे असतात. चोरीला तक्रार लागते, पुरावा लागतो. नियमाला संघटना लागते. ईपीएस-९५च्या पेन्शनरांचं आंदोलन बुलढाण्यातून उभं राहिलं आणि दिल्लीपर्यंत गेलं. किमान पेन्शन १ हजाराऐवजी साडेसात हजार आणि वर महागाई भत्ता, ही त्यांची मागणी. ती अजून मान्य झालेली नाही, हे खरं. पण तुमच्या जिल्ह्यातही या पेन्शनरांच्या बैठका होतात. दिवसभर फोनवर व्हिडिओ पुढे ढकलण्यापेक्षा महिन्यातून एकदा तिथे जाऊन बसा. निदान तुमचा राग जिथे कामाला येईल अशी ती जागा आहे. (वाढीव पेन्शनचा जो निकाल सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ ला दिला, त्याच्या अर्जाची मुदत ११ जुलै २०२३ ला संपली. तो विषय उगाळून आता हाती काही लागणार नाही.)

आता पैशांकडे येते, कारण खरी काळजी मला तिथली वाटते.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं आलंय: पतसंस्थेचे चेअरमन हे माजी आमदारांचे पुतणे. काका, सगळे राजकारणी चोर म्हणून तुम्ही घरपट्टी भरत नाही, आणि आयुष्याची पुंजी नेऊन ठेवताय राजकारण्याच्याच घरात? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. तुम्ही तर उकळतं दूधच पुन्हा तोंडाला लावताय. ओळखीची माणसं आहेत हे कारण तर देऊच नका. पतसंस्थेत पैसे बुडाले त्या प्रत्येक गावात माणसं ओळखीचीच होती. अनोळखी माणसाकडे कुणी सहा लाख ठेवत नाही.

गावोगावी नीट चालणाऱ्या पतसंस्था आहेत, आणि बँकेने दारात उभं केलं नाही अशा कितीतरी लोकांचा संसार त्यांनी सावरलाय. तुमची संस्था त्यातली असेलही. पण नियम काय आहे तो कळू दे. बँक बुडाली किंवा तिच्यावर निर्बंध आले तर ठेवीदाराला त्या बँकेतल्या सगळ्या ठेवी मिळून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पर्यंत ते १ लाखच होतं. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला हजार रुपयेच काढता येत होते. औषधाला पैसे नाहीत म्हणून बँकेच्या दारात रडणारी तुमच्या वयाची माणसं तेव्हा आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. तरी ती बँक होती, वर रिझर्व्ह बँक होती, विमा होता. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाहीच. जळगावची रायसोनी, बीडची ज्ञानराधा, या मल्टिस्टेट संस्थांचे ठेवीदार आजही काय भोगताहेत ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा १९९९ चा कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त होते, लिलाव होतो, आणि या सगळ्याला वर्षं लागतात. सदुसष्टाव्या वर्षी माणसाकडे बाकी सगळं असलं तरी एवढा वेळ नसतो.

चला, आकडेच मांडू. सगळे १४ लाख पतसंस्थेत टाकले तर व्याज महिना १२,८०० आणि पेन्शन धरून साधारण १५,४००. तुमची चौदा हजारांची गरज भागते, म्हणूनच तो मोह. आता दुसरा मार्ग. २ लाख बँकेत हाताशी ठेवा, हे आजारपणाचे. १२ लाख पोस्टातल्या किंवा राष्ट्रीयीकृत बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. तिचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. सरकार दर तीन महिन्यांनी दर जाहीर करतं, म्हणून जायच्या आधी एकदा विचारून घ्या. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. १२ लाखांचे वर्षाला ९८,४०० होतात, ते तिमाहीला २४,६०० असे मिळतात. महिन्याचे झाले ८,२००. बँकेच्या दोन लाखांचे अकराशे आणि पेन्शन धरून जवळपास १२ हजार.

म्हणजे आज मिळतात त्यापेक्षाही सहा-सातशे कमी, आणि तुमच्या बेतापेक्षा साडेतीन हजार कमी. हे मी लपवून ठेवत नाही, कारण सुरक्षितही आणि भरपूरही असं काही माझ्याकडे नाही, आणि कुणाकडेच नाही. जो तसं सांगेल त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. महिना साडेतीन हजारांसाठी १४ लाख पणाला लावायचे का, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर काकूंना विचारून द्या. तुमच्या माघारी त्याच पैशांवर त्यांना राहायचंय, आणि तेव्हा ती २,६४०ची पेन्शनही निम्म्याच्या आसपास येणार.

करायचं ते घाईने नको. पतसंस्थेच्या पावत्या काढून बघा, कुठली कधी पिकते. ज्यांची मुदत जवळ आहे त्यांच्यासाठी आत्ताच लेखी पत्र द्या की नूतनीकरण करायचं नाही, रक्कम बँक खात्यात जमा करावी. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. काउंटरवरचा पोरगा म्हणेल, "काका, पत्र कशाला, आपलीच संस्था आहे." शिक्का घ्याच. पैसे द्यायला "पुढच्या महिन्यात या" सुरू झालं तर तुम्हाला जे कळायचं ते कळलं. मग उरलेल्या पावत्या मुदतीआधी मोडून व्याज बुडालं तरी बुडू द्या. संस्थेचा वार्षिक अहवालही मागा. तुम्ही सभासद आहात की नाममात्र सभासद, तेही विचारा. बँकेतली ठेव मात्र मोडू नका. मुदत संपेल तशी वळवा, नाहीतर दंडापोटी अर्धा-एक टक्का उगाच जाईल. ज्येष्ठ नागरिक योजनेतले पैसे पाच वर्षांच्या आत काढले तरी थोडी कपात होते, म्हणूनच ते दोन लाख बाहेर ठेवायला सांगितले. पहिल्याच दिवशी नॉमिनी म्हणून काकूंचं नाव लावा.

आता ही सहा-सातशेची तूट आणि आधीपासूनची दीड हजाराची तूट कुठून भरायची? इथे तुमचं ते दुसरं व्रत आड येतं, सरकारचा एक पैसा न घेण्याचं.

रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत काढून घेतली म्हणून तुम्ही अर्धं पान चिडून लिहिलंय. आणि एसटीत ६५ च्या पुढे जी निम्मी सवलत आहे ती कंडक्टरशी हुज्जत घालून नाकारता. काका, यातलं नक्की कुठलं धरायचं? एसटीला त्या निम्म्या तिकिटाचे पैसे राज्य सरकारकडून मिळतात, आणि सरकारकडे ते येतात तुमच्या-माझ्याकडून. काडेपेटी घेतली तरी तुम्ही कर भरताय. तुम्ही पूर्ण तिकीट काढलंत म्हणून मंत्रालयात कुणाची झोप उडत नाही, तुमचा खिसा तेवढा हलका होतो. काकूंनाही मार्च २०२३ पासून निम्मंच तिकीट आहे. साताऱ्याहून मुलाकडे पुण्याला दोघं जाऊन येता तेव्हाचा फरक तुम्हीच काढा. आणि पंच्याहत्तरी झाली की पूर्ण मोफत.

लाडकी बहीणबद्दल मला थोडं स्पष्ट बोलायचंय. ही मतं विकत घ्यायची योजना आहे असं तुमचं मत असेल, तर ते मत ठेवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अनेक जाणती माणसंही तसंच म्हणतात. पण फॉर्म काकूंचा होता. १,५०० त्यांच्या खात्यात येणार होते. तुमच्या घरात महिन्याला पेन्शन येते, व्याज येतं, सगळ्यावर तुमची सही. त्या बाईच्या नावावर येणारा बहुधा आयुष्यातला तो पहिला पैसा असता, आणि तुम्ही तो तत्त्वासाठी नाकारलात. तत्त्व तुमचं आणि पैसे त्यांचे. घरात अबोला आहे तो एकट्या ८ हजारांवरून आहे असं मला नाही वाटत. नवे अर्ज घेताहेत का ते अंगणवाडीत विचारून या, त्या अजून वयाच्या अटीत बसतात. ६५ नंतर तीही वाट बंद. अर्ज घेत नसले तर निदान विचारून आलात एवढं काकूंना कळेल.

औषधांना महिना २,२०० जातात म्हणता. उद्या सकाळी गोळी घेताना स्ट्रिप उलटी करून बघा. मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव: मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, अॅटोर्वास्टॅटिन, असं काहीतरी. शेजारी किती मिलिग्रॅम तेही असतं. ही नावं वहीत उतरवा, डॉक्टरांना दाखवा, आणि जनऔषधी केंद्रातून याच नावाची, याच ताकदीची गोळी चालेल का ते विचारा. बहुतेक वेळा चालते, आणि बिल निम्म्याच्या आत येणं अवघड नाही. क्वालिटीवाल्या माणसाला स्वस्त मालाची शंका येणारच. म्हणून डॉक्टरांना विचारूनच बदला, आणि बदलल्यावर महिन्याभराने साखर आणि बीपी तपासून घ्या. आकडे जागेवर असतील तर शंका मिटली.

मोठ्या आजारपणाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून उत्पन्न न बघता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली, वर्षाला ५ लाखांपर्यंत. यादीतल्या रुग्णालयात, यादीतल्या उपचारांसाठी. तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठायचं, बिल झाल्यावर नाही. तुमच्या दोघांच्या रेशनकार्डावरची नावं आणि आधारवरची नावं जुळतात का ते आत्ताच बघा. रात्री अडीच वाजता दवाखान्याच्या काउंटरवर आडनावातला काना-मात्रा दुरुस्त होत नसतो. सत्तर पूर्ण झाली की आयुष्मानचं वय वंदना कार्ड निघतं, त्यालाही उत्पन्नाची अट नाही. तीन वर्षांनी काढाच.

घरपट्टी. यावर फार बोलायला नको, एकच आकडा सांगते. थकबाकीवर नगरपालिका महिन्याला दोन टक्के शास्ती लावते, म्हणजे वर्षाला चोवीस. पतसंस्था तुम्हाला अकरा देते. भ्रष्टाचाराचा निषेध म्हणून तुम्ही पालिकेला चोवीस टक्क्यांनी कमाई करून देताय. शिवाय थकबाकीदार माणूस नगराध्यक्षासमोर उभा राहून रस्त्याचा हिशेब मागायला लागला की पहिलं उत्तर काय येईल? ती संधी त्यांना कशाला द्यायची?

आणि हिशेब मागायचाच आहे. पत्रात तुम्ही घरासमोरच्या रस्त्याबद्दल लिहिलंय, एका पावसात डांबर निघून गेलं म्हणून. बघा, तुम्ही आयुष्यभर मापं घेतलीत. ड्रॉइंगमध्ये जे लिहिलंय ते हातातल्या तुकड्यात आहे का, एवढंच तर बघायचं काम होतं तुमचं. तेच इथे करा. पालिकेच्या बांधकाम विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा, वर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे सगळे चोर वगैरे लिहायला जागाच उरत नाही, हे एका परीने बरंच आहे. मागायचं काय? त्या रस्त्याचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पानं, आणि दोषदायित्व कालावधी किती आहे त्याची प्रत. हा शेवटचा कागद महत्त्वाचा. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. मुदत संपेपर्यंत कुणी विचारलं नाही की पुन्हा नवं टेंडर निघतं आणि पुन्हा तोच ठेकेदार. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. कागद हातात आले की जाडी तुम्ही स्वतः मोजा, तुमच्याइतकं नीट त्या वॉर्डात कुणाला जमणार आहे?

"अशाने काय होणार," असं तुम्ही म्हणाल. मोठ्या घोटाळ्यांचं काही झालं नाही हे तुमचं ठाम मत आहे, सिमेंट प्रकरणापासून आदर्शपर्यंतची यादीच तुम्ही दिली आहे. पण त्याच यादीत दोन मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली, १९८२ मध्ये आणि २०१० मध्ये, हे तुम्ही लिहिलं नाहीत. यंत्रणा साफ झाली असा त्याचा अर्थ अर्थातच नाही. पण महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा २००२ मध्ये केला, देशाच्या कायद्याच्या तीन वर्षं आधी, आणि त्यामागे उपोषणाला बसलेली, मोर्चात चाललेली तुमच्याच पिढीची माणसं होती. त्यांनी मिळवलेलं हत्यार तुम्ही गंजत ठेवलंय.

राहिली वारस नोंद, जिच्यावरून बापलेकांचं बिनसलंय.

मुलाची बाजू आधी. तो तत्त्वशून्य नाही. त्याला रजा काढून यावं लागतं, प्रत्येक खेपेला पगार कापला जातो, आणि सायबांची मीटिंग आहे ऐकून परत जावं लागतं. त्याच्या हिशेबाने आठ हजार स्वस्त आहेत. त्याला भ्रष्ट म्हणू नका. पण देऊ नका या तुमच्या मताच्या बाजूने मी आहे, आणि तेही तत्त्वासाठी नाही, व्यवहारासाठी. आठ हजार म्हणजे तुमची तीन महिन्यांची पेन्शन. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका. आणि तिसरं म्हणजे तुमच्याकडे अजून कुठल्याही अधिकाऱ्याने काहीच मागितलेलं नाही! मागितलंय झेरॉक्सवाल्याने. ते वर पोचतात की त्याच्याच गल्ल्यात राहतात, कुणी बघितलंय? तुमचा अर्ज तरी दाखल झालाय का? पत्रावरून वाटतं की नाही. कागद त्याच्याकडे दिलेत, तो "बघतो" म्हणाला, आणि तिथपासून तुम्ही यंत्रणेवर चिडून बसलात. यंत्रणेपर्यंत तुम्ही गेलाच नाहीत.

तर आधी कागद त्याच्याकडून परत घ्या. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो, किंवा तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) प्रत्यक्ष देऊन पोच घेता येते. आईचा मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, वारसांचं प्रतिज्ञापत्र. फेरफार नोंद झाली की संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सगळा खेळ अर्जाच्या क्रमांकाचा आहे. क्रमांक नसलेल्या कागदाला विलंब होत नाही, कारण तो अस्तित्वातच नसतो. क्रमांक असेल आणि काम रखडलं तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अपील करता येतं. कुठली सेवा किती दिवसांत द्यायची याचा फलक कार्यालयात लावायचा असतो, आणि विनाकारण अडवणाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंड होऊ शकतो. कार्यालयातल्या कुणी खरंच पैसे मागितले तर तिथे वाद घालू नका, व्हिडिओ काढायच्या भानगडीत पडू नका. बाहेर या आणि लाचलुचपत विभागाच्या १०६४ वर फोन करा. सापळा लावायला ते तयार असतात. तुम्हाला साक्षीला जावं लागेल, खेटे पडतील, हेही सांगून ठेवते. एवढं करायचं बळ नसेल तर अपिलाचा रस्ता धरा, तो लांबचा असला तरी एकट्याने चालण्यासारखा आहे.

आणि हे तत्त्वाचं काम नसून पोटाचंही आहे. आज ती जमीन चुलतभाऊ कसतो आणि नाव लागू दे मग बघू म्हणतो. नाव लागलं की खंडाचं बोलता येईल. वारसाने आलेल्या जमिनीवर पीएम किसानचे वर्षाला ६ हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६ हजार मागता येतात. १० हजारांच्या वर पेन्शन असलेल्यांना ते मिळत नाहीत, पण तुमची २,६४० आहे. निदान इथे तरी ती कमी असल्याचा उपयोग होईल. दोन्हींत पात्र ठरलात तर महिन्याला हजार रुपये झाले.

एक गोष्ट मात्र खटकली. "दोन बहिणी आहेत, त्या हक्कसोडीवर सह्या देतील," असं तुम्ही सहज लिहून गेलात. विचारलंय का त्यांना? आईच्या जमिनीत तिघांचा वाटा सारखा आहे. त्यांना स्वखुशीने सोडायचा असेल तर जरूर सोडू देत. पण रक्षाबंधनाला कागद पुढे करून, भाऊच आहे म्हणत घेतलेली सही आणि टेबलाखालून घेतलेले पैसे, यांत मला फारसा फरक दिसत नाही. तूर्त वारस म्हणून तिघांचीही नावं लावा. त्याने तुमची नोंद अडत नाही, उलट नंतरची हरकत टळते. एक बहीण पुण्यात असते म्हणता. मुलाला तिच्याकडून आधारची प्रत आणायला सांगा, त्याला रजा लागणार नाही आणि बापाशी बोलायला निमित्तही मिळेल.

या महिन्यात थकलेली घरपट्टी भरा, पतसंस्थेला पत्र द्या, आणि वारस नोंदीचा अर्ज करा. बाकीचं पुढच्या महिन्यात. पुन्हा लिहाल तेव्हा आमदारांबद्दल हवं तेवढं लिहा, मी वाचेन, पण वर पहिल्या ओळीत अर्जाचा क्रमांक आणि तारीख तेवढी टाका.